मास्तरच्या डावीकडे

एकट्याने जेवण्यात कवळीवाल्याला नवं असं काही नव्हतं. बायको गेल्यापासून घरी तो एकटाच जेवायचा, तेही ओट्यापाशी उभ्या उभ्या, थेट पातेल्यातून, म्हणजे ताट घासायला नको. पण स्पर्धेसाठी परगावी आल्यावर, हॉटेलच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून, मांडीवर ट्रे घेऊन जेवायची पाळी त्याच्यावर आजवर आली नव्हती. फोन सकाळीच पिशवीत घालून, पिशवीला सील लावून नेलेला. शेजारच्या खोलीत कोण उतरलंय ते विचारायची सोय नाही. जेवण आणून देणाऱ्यालाही बहुतेक बोलू नका असं बजावलेलं असावं, कारण तो ट्रे ठेवून चोरासारखा पळाला. तक्रार करावी तर कोणत्या तोंडाने? नियम त्यानेच सुचवला होता.

त्याचा मूळ धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवत आणि हा मागच्या गल्लीतल्या खोलीत प्लास्टरचे जबडे ओतून, मेणात एकेक दात रोवून, घासूनपुसून कवळी परत पाठवायचा. टेबलावर नेहमी पाचसहा अनोळखी माणसांचं हसू वाळत पडलेलं असे. जवळच्या बॉक्सिंग क्लबातल्या पोरांना तो दात वाचवायचे माउथगार्डही करून द्यायचा. ते नीट बसतंय का बघायला म्हणून एकदा रिंगपाशी गेला आणि तिथलाच झाला. पुढे पंचाची परीक्षा दिली, ब्लेझर मिळाला, आणि कवळ्या करणारा माणूस बॉक्सिंगचा पंच झाल्यावर लोकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं.

“इकडे दात पाडून घ्यायचे, तिकडे बसवून द्यायचे. दोन्हीकडून चांदी आहे तुझी,” असं पहिल्याच दिवशी त्याला म्हणाला तो मास्तर. शाळेत कवायत शिकवायचा, आवाज मैदानभर जाईल असा, आणि हसला की शेजारच्याच्या पाठीत थाप ठरलेली. त्या थापेने कवळीवाल्याचा चष्मा दोनदा पडला होता. तरी तो मास्तरच्या शेजारची जागा सोडत नसे. रिंगच्या एका बाजूला दोन पंच जवळजवळ बसत, तिथे हे दोघं. रात्री जेवायला टेबल जोडून सगळे पंच बसत, तिथेही हे दोघं. मास्तरच्या घरी गेलं तरी तेच. मास्तर उजवीकडे, हा त्याच्या डावीकडे. कधी दुसरं कुणी त्या खुर्चीवर टेकलंच तर मास्तर सरळ सांगायचा, “ऊठ रे, ती आमच्या कवळीवाल्याची जागा आहे.” आपल्यासाठी कुणीतरी जागा अडवून ठेवतं, याचं त्या एकट्या माणसाला काय वाटत असेल ते सांगायला नको. वर्षाचे बाकीचे दिवस तो त्या जेवणांच्या जोरावर काढायचा.

मग खेळावर गंडांतर आलं. संघटनेच्या हॉलमध्ये सगळ्या पंचांना बोलावून सेक्रेटरीने वरून आलेला निरोप सांगितला. बॉक्सिंगचे निकाल कुणालाच पटेनासे झालेत, ऑलिंपिकवाल्यांचा संयम संपत आलाय. गुण देण्याची पद्धत चोख झाली नाही तर खेळ ऑलिंपिकमधून जाईल, आणि ऑलिंपिकच नसेल तर पोरं नाक फोडून घ्यायला येणार तरी कशाला? तुम्हाला काही सुचत असेल तर बोला.

सुचायला कुणाला काय लागतं? वरचे पैसे खातात, दुसऱ्या जिल्ह्यांचे पंच विकले गेलेत, आपण तेवढे धुतल्या तांदळासारखे, असं सगळं बोलून झालं. तेव्हा कवळीवाला उभा राहिला. सभेत तो आजवर कधी बोलला नव्हता.

“पैसे खायची गरजच पडत नाही,” तो म्हणाला. “आपण एकत्र जेवतो ना, तेवढं पुरतं. पहिल्या दिवशी मला लाल कोपऱ्यातला जिंकताना दिसतो. जेवताना तुम्ही सगळे म्हणता, छे, निळाच सरस होता. तिसऱ्या दिवसापासून मलाही निळाच सरस दिसायला लागतो. यात लबाडी कुणाचीच नाही. पण पाच पंच बसवून उपयोग काय, जर डोळे एकाच जोडीचे असतील तर? आपल्याला वेगळं ठेवा. बसायला, राहायला, जेवायला.”

मग मास्तर म्हणाला, “घ्या. आता आम्हाला उपाशी मारणार हा,” आणि सगळे हसले. पण परतीच्या वाटेवर मास्तर एक अक्षर बोलला नाही, थापही मारली नाही. जेवणाच्या पंगती मोडणार म्हणून बिचाऱ्याला वाईट वाटलं असेल, असं कवळीवाला धरून चालला. वाईट तर त्यालाही वाटत होतंच. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय हे त्याला हॉलमध्ये उभं असतानाच कळलं होतं. पण खरं वाटलं ते बोललो, असं तो वाटभर स्वतःला समजावत राहिला.

त्याची सूचना वर गेली, तसल्याच इतरांच्या सूचनांत मिसळली, आणि खाली आली ती नियम होऊन. पंच कोणत्या लढतीला आणि कोणत्या बाजूला बसणार ते लढतीच्या तोंडावर चिठ्ठ्या टाकून ठरणार. शेजारी कुणी नाही. राऊंड जिंकणाऱ्याला दहा गुण, हरणाऱ्याला नऊ किंवा त्याहून कमी. आणि प्रत्येक राऊंडनंतर कोणत्या पंचाने काय दिलं ते सगळ्या हॉलला पडद्यावर दिसणार. स्पर्धा संपेपर्यंत पंचांनी एकमेकांशी बोलायचं नाही. बोलताना सापडले तर दोघंही घरी.

या नव्या नियमांची ही पहिलीच मोठी स्पर्धा, आणि पहिल्याच दिवशी पडदा बोलायला लागला. चार पंचांनी लालला दहा दिले की एकाने निळ्याला दिलेले असायचे. तो एक बहुतेक वेळा मास्तर, आणि बाकीचे चौघं दोन-दोन असे फुटले की निकाल त्याच्याच गुणांवर लागायचा. प्रेक्षकांत आधी कुजबुज झाली, मग शिट्ट्या, मग कुणीतरी उघड ओरडलं, “किती घेतले, मास्तर?” मास्तर मान ताठ ठेवून समोर बघत राहिला. कवळीवाला रिंगच्या लगतच्या बाजूला बसलेला. उठून त्या ओरडणाऱ्याची गचांडी धरावी असं त्याला वाटलं. पण तो आयुष्यात कुणाला मोठ्याने बोललेला नव्हता, आणि आता तर बोलायचीच बंदी होती.

दुसऱ्या दिवशी एका लढतीला त्याचं नाव निघालं नाही. राखीव पंचांच्या खुर्चीवर तो बसला, ती नेमकी मास्तरच्या समोर, रिंगच्या पलीकडे. इतक्या वर्षांत त्याने मास्तरला खेळ चालू असताना समोरून कधी पाहिलंच नव्हतं. नेहमी शेजारून, अर्धा. आज रिंगमधलं सोडून तो त्याच्याकडेच बघत राहिला. दोघं खेळाडू मास्तरच्या उजव्या हाताला सरकले की मास्तरची नजर पाण्यासारखी त्यांच्याबरोबर जायची. डावीकडे सरकले की मान उशिरा वळायची, आणि वळेपर्यंत ठोसे लागून गेलेले असायचे. मग कुणीतरी पाण्याची बाटली आणून त्याच्या डाव्या हाताशी ठेवली. मास्तरने ती टेबलावर चाचपत शोधली आणि पाडली.



कवळीवाल्याला एकेक आठवायला लागलं. लढत चालू असताना मास्तर पुटपुटायचा, “पाहिलंस?” आणि हा दबक्या आवाजात सांगायचा, “डावा हुक, दोन लागले.” ते काही योग्य नव्हतं, पण सगळेच थोडंफार तसं करत, आणि मास्तरला गप्पा मारल्याशिवाय करमत नाही असं हा समजून चालला होता. जेवताना मास्तर म्हणायचा, “तो भात सरकव रे इकडे,” भात डाव्या हाताशीच असायचा. रस्ता ओलांडताना हा नेहमी डाव्या अंगाला, मास्तरचा हात याच्या खांद्यावर. पंचांची डोळ्यांची तपासणी दरवर्षी व्हायची, पण ती समोरची अक्षरं वाचायची, आणि समोरचं मास्तरला लख्ख दिसत असणार. ती डावीकडची खुर्ची मैत्रीपोटी अडवली जात होती की गरजेपोटी, हा प्रश्न कवळीवाल्याच्या मनात आला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण आलेला प्रश्न काही परत गेला नाही.

संध्याकाळी निरीक्षक बाईंनी त्याला खोलीत बोलावलं. त्या बाहेरून नेमलेल्या, करड्या शिस्तीच्या, पण माणूस म्हणून वाईट नव्हत्या.

“तुम्ही त्यांच्या शेजारी वर्षानुवर्षं बसलात,” त्या म्हणाल्या. “आम्हाला पैशांचा संशय आहे. या स्पर्धेकडे वरच्यांचं लक्ष आहे. पंच विकला गेला असं बाहेर पडलं तर खेळाचं काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. तुम्हाला काही माहीत आहे?”

आधी मास्तरशी बोलावं असं त्याला फार वाटलं. एकदाच, दार लोटून, दोन वाक्यं. पण मास्तर कोणत्या खोलीत आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं, आणि शोधून काढून बोलला असता तर लोक म्हणाले असते, दोघं मिळून खातात. गप्प राहावं, तर ज्या माणसाने कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही त्याच्यावर चोरीचा शिक्का बसणार. आणि तिकडे मास्तरला न दिसलेले हुक मारणारी चार पोरं हरून घरी गेली होती, त्यांनी कुणाकडे बघायचं?

“मास्तर विकला जाणारा नाही,” तो म्हणाला. “त्याचे डोळे तपासा, बाई. डावीकडची नजर.”

तपासले. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातला दाब वाढून कडेची नजर गेली आहे, डावीकडची तर जवळजवळ सगळीच, आणि बरीच वर्षं झाली असावीत. पैशांचा विषय तिथेच मिटला. मास्तरचं नाव स्वच्छ झालं आणि पंचांतून निघालं. त्याच्या लढतींचे निकाल पुन्हा पाहिले गेले. निरीक्षक बाईंनी कवळीवाल्याचा हात हातात घेऊन म्हटलं, “तुम्ही मित्राची अब्रू वाचवलीत.” त्यालाही तसंच वाटलं. खोलीत येऊन तो थोडा रडला, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

मास्तरचा मात्र फोन नाही, निरोप नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत कवळीवाला प्लास्टर कालवत राहिला. पुढे बऱ्याच महिन्यांनी बातमी आली की खेळ ऑलिंपिकमध्ये राहिला. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या, पेढे नाहीत पण चहा-बिस्किटं झाली. नियम अंगवळणी पडल्यामुळे पंच तिथेही एकेक खुर्ची सोडून बसले होते. टाळ्या वाजवता वाजवता कवळीवाल्याने उजवीकडे पाहिलं, आणि तिथूनच उठून तो मास्तरच्या घरी गेला.

दार वहिनींनी उघडलं. “या भावजी,” म्हणाल्या, पण नेहमीसारखं ‘जेवूनच जा’ म्हणाल्या नाहीत. मास्तर जेवणाच्या टेबलाशी रेडिओ लावून बसला होता. कवळीवाला सवयीने त्याच्या डावीकडच्या खुर्चीवर टेकला.

“खेळ राहिला, मास्तर.”

“ऐकलं.”

“तुझ्या नावाला धक्का लागू दिला नाही मी.”

मास्तरने रेडिओ बंद केला. आवाज खालीच होता त्याचा, मैदानभर जाणारा नव्हता.

“पैसे खाल्ले म्हणून काढलं असतं, तर दोन वर्षांनी परत घेतलं असतं. किती जणांना घेतलंय. मी खाली मान घालून बसलो असतो दोन वर्षं. चोराला परत बोलावतात रे. आंधळ्याला कोण बोलावतं?”

“पण त्या पोरांचं...” कवळीवाला म्हणाला.

“माहीत आहे. त्यांचं तू बरोबर केलंस. सगळं बरोबरच केलंस तू. पण मला आधी विचारलं असतंस एकदा, तर मीच सांगितलं असतं बाईंना.”

“बोलायला बंदी होती.”

“हो. होती खरी.”

बंदी कुणी सुचवली हे मास्तर बोलला नाही. ते त्याने म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं कवळीवाल्याला वाटलं. आत वहिनी भांडी लावत होत्या. एवढे महिने मनात धरून ठेवलेला प्रश्न विचारावा, ही खुर्ची माझ्यासाठी होती की नजरेसाठी, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण विचारून उत्तर मिळालंच तर घरी जाऊन त्याचं करायचं काय?

“येतो,” म्हणून तो उठला.

तो दारापाशी पोचल्यावर मास्तरने मागून हाक मारली. तोंड त्याच्याकडे वळवलं नव्हतं.

“जाताना ती डावीकडची खुर्ची टेबलाखाली सरकवून जा. मला दिसत नाही ती. अडखळायला होतं.”

दिसत नाही, हे मास्तरने त्याच्याजवळ पहिल्यांदा बोलून दाखवलं. कवळीवाला परत आला, त्याने आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलून, आवाज न करता आत सरकवली, आणि दार ओढून घेऊन तो घरी गेला.