दोन पावलांची जागा

फिनलंडमधल्या तांपेरे शहरातल्या स्वयंपाकघरांत डिशवॉशर बसवण्यात रेयोचा जन्म गेला. आधी जमीन, मग यंत्र, हा त्याचा हेका. पण म्हाताऱ्या इर्याबाई जमिनीवर अंथरलेल्या जुन्या लिनोलियमवर नव्या लाकडी पट्ट्या ठोकू देईनात.

"अहो मावशी, तुमच्या लेकाने हौसेने पाठवल्यात!"

"त्याच्या घरात ठोक. इथे उभे राहून आमचे हे, कौको, पन्नास वर्षं भांडी घासत होते."

सिंकपुढे दोन पावलांएवढं लिनोलियम झिजलं होतं. रेयोने मोज्यातले आपले पाय हळूच बाजूला घेतले. पट्ट्या गुमान भिंतीला टेकवल्या आणि यंत्राचे पाय पट्ट्यांच्या जाडीएवढे उंच करून ते ओट्याखाली सरकवलं.

यंत्र गुणगुणू लागलं. इर्याबाई त्या झिजलेल्या पावलांत उभ्या राहिल्या, डोळे मिटून.

"कौकोही असंच गुणगुणायचे," त्या म्हणाल्या. "पण ते सुरात असायचे."