बबनचं कमळ

बबन पेंटर गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदापुरात एका साखरपुड्याचा मांडव उतरवत होतो. फोन त्याच्या बायकोचा, शालनवहिनींचा. "भावजी, हे गेलं..." एवढंच त्या बोलल्या. मी तिथंच एका खुर्चीवर बसून राहिलो. त्याला आता महिना होत आला. लोणी भापकरला त्याच्या घरी जाऊन आलो, दहावा झाला, पण सणसरच्या माझ्या गोदामाचं कुलूप काढून आत गेलं की करमत नाही. बोलायला माणूस उरला नाही, आणि जे बोलायचं होतं ते तर राहूनच गेलं.

मांडववाल्यांच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची अदलाबदल ठरलेली, म्हणून ज्याची त्याची खूण पाठीमागं रंगवलेली असते. माझी खूण कमळाची. जुन्या एक्स-रेची फिल्म कापून बबननं त्याचा साचा केला होता, तीही माझ्याच मोडलेल्या हाताची. बाकीचे पेंटर खुर्ची दिसली की रंग फासायचे आणि वर्षात पोपडे निघायचे. बबन आधी खुर्ची साबणानं धुणार, वाळवणार, पॉलिश पेपरनं घासून चकाकी घालवणार, थिनरनं पुसणार, मग प्रायमर, मग कमळ, वरून क्लिअर लॅकर. त्यानंतर दोन दिवस कुणाला हात लावू द्यायचा नाही. मी कातावायचो, अरे खुर्ची रंगवतोस की नवरीला हळद लावतोस? तो म्हणायचा, "आबा, प्लास्टिक लई माजुरडं असतंय. चकाकी उतरल्याबिगर ते रंगाला जवळ करत न्हाय."

एका मे महिन्यात सणसरच्या मोठ्या लग्नासाठी मी नव्या खुर्च्या आणल्या. बबन बहिणीकडं गेलेला, साचा माझ्याकडं. दोन दिवस कोण थांबतंय... मी घासणं, प्रायमर सगळं गाळलं. टेम्पोतल्या डिझेलचा बोळा फिरवून खुर्च्या पुसल्या, कमळं उमटवली आणि संध्याकाळी एकात एक रचूनही टाकल्या. डिझेलच्या तेलकटपणामुळं वाळायचाच राहिलेला मागचा रंग दुसऱ्या खुर्चीच्या टेकायच्या जागी उतरला. दुसऱ्या दिवशी नवरदेवाचे मामा, काका, सगळे मानकरी पांढऱ्या शर्टांच्या पाठीवर गुलाबी कमळं घेऊन मांडवात फिरत होते. लोक आधी हसले, मग भांडायला उठले. पेंटर कोण, असं विचारल्यावर माझ्या तोंडून नाव निघून गेलं, "बबन."

तो आला, त्यानं एक खुर्ची उचलून नाकाशी धरली. "डिझेल हाय ह्ये," म्हणाला, आणि ती खुर्ची माझ्यापुढं ठेवली. मी म्हणालो, सांगतो रे सगळ्यांना. नाही सांगितलं. आधी लाज वाटली, मग दिवस गेले, मग विषय काढणंच अवघड झालं. इंदापूर-बारामतीच्या मांडववाल्यांनी त्याला खुर्च्या देणं बंद केलं. तो घरीच प्लास्टिकच्या कुंड्यांवर वेलबुट्टी काढत बसला. माझ्याकडं यायचा, चहा प्यायचा, पण ब्रश घेऊन पुन्हा कधी आला नाही, आणि मीही कधी बोलावलं नाही.

दहाव्यानंतर मी वहिनींना सगळं सांगून टाकलं. वाटलं, रडतील, नाहीतर घालवून देतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "भावजी, मला ठावं हाय. ह्यांलाबी ठावं हुतं. सांगायचं हुतं ते लोकांला."

म्हणून हे लिहितोय. त्या खुर्च्या बबननं रंगवल्या नव्हत्या, मी रंगवल्या होत्या. हे तो असताना चार माणसांत बोललो असतो तर त्याचा धंदा गेला नसता. माझ्या भित्रेपणाची मला शरम वाटते.

त्याच्या हातच्या साठेक जुन्या खुर्च्या अजून माझ्याकडं आहेत. दहाव्याला त्याच्या दारात मी त्याच मांडल्या होत्या. कडक ऊन होतं. माणसं पांढऱ्या कपड्यांत घामेजून टेकून बसली, तासाभरानं उठून गेली. मी मागं उभा राहून एकेकाची पाठ बघत होतो... कुणाच्याच पाठीवर काही उमटलं नव्हतं.