तांदळाच्या डब्यातले देव

निवृत्तीनंतर घर सोडून कायमचं गाडीत राहायचं, ही हौस ह्यांची. स्वयंपाकाचा ओटा, पलंग, सगळं गाडीतच. मी हो म्हणाले खरी, पण मन देवघरापाशी अडलं होतं. सासूबाईंनी सोपवलेले चांदीचे टाक आणि बाळकृष्ण सुकापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये वर्षानुवर्षं एका जागी बसलेले. नणंद म्हणाली, "वहिनी, देवांना कुणी चाकांवर फिरवतं का? माझ्याकडे ठेव." मला देणं जमेना आणि नेण्याचा धीर होईना. रोज पूजा करताना मी त्यांनाच विचारायची, यायचंय का तुम्हाला? ते कसले बोलतात.

निघायच्या आदल्या दिवशी देवघर आवरलं. गावाला जाताना देव तांदळात ठेवायची आमच्याकडे पद्धत. तसे ते स्टीलच्या डब्यात ठेवून मी वर तांदूळ ओतले आणि शेजारणीकडे चहाला गेले. तेवढ्यात रोडपालीचे हनीफभाई गाडीचे पडदे लावायला आले. गाडीतली सगळी कपाटं त्यांनीच बसवलेली. ह्यांना वाटलं, हा उरलेला शिधा. मोठ्या मनाने त्यांनी डाळ-तांदळाचे सगळे डबे हनीफभाईंना देऊन टाकले.

संध्याकाळी मला कळलं आणि मी फोनाकडे धावले. हनीफभाईंचा फोन लागेना, दुकान बंद, घर माहीत नाही. देवांशिवाय मी गाडीत पाऊल टाकणार नव्हते. हे बिचारे रिकाम्या देवघरापुढे माफी मागत बसले. माफी माझी मागा, असं मी ऐकवलं. राग ओसरल्यावर मीही तिथंच बसले, रडले. मग हात जोडून म्हटलं, जिथं असाल तिथं सुखरूप असा. परत यायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. त्यानंतर का कोण जाणे, शांत वाटलं.

सकाळी दारात हनीफभाई आणि त्यांची बायको रुबीना. तिने डबा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. "भाभी, भाताला तांदूळ घेतले तर तुमचे देव दिसले. लगेच झाकण लावलं, डबा कपाटावर ठेवला. खाली कुठं ठेवणार? यांचा मोबाईल बिघडलाय, नाहीतर कालच कळवलं असतं."

मी डबा घेऊन कपाळाला लावला. हनीफभाई ह्यांना म्हणाले, "गाडीत देवांची जागा कुठं केलीय?" केलीच नव्हती. उरलेल्या प्लायचा त्यांनी तिथल्या तिथे छोटा कप्पा ठोकला आणि पुढे पट्टी लावली. "वळणावर सरकायला नकोत," म्हणाले. माझ्या रोजच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं. डोळे भरून आले.

त्याच तांदळाचा भात गाडीत शिजवला, देवांना नैवेद्य दाखवला आणि चौघं जेवलो. देवांना मी सांभाळते, असं मला उगाच वाटायचं. यायचंय का, म्हणून मी विचारत राहिले आणि ते तर माझ्याआधीच घर सोडून निघाले होते.