अडलंय कुठं, तेवढं सांगा

दोष घोरपडे सरांचा आहे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण शेवटपर्यंत वाचलंत की तुमचं मत फिरणार आणि तुम्ही त्यांची बाजू घेणार. वयानं मोठा माणूस दिसला की त्याची बाजू घ्यायची, ही आपल्याकडची सवयच आहे.

बाकी किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. घरातल्या ड्रॉवरमधल्या जुन्या चार्जरसारखे ते आपोआप साठतात. कुठला कशाचा ते आठवत नाही आणि टाकवतही नाहीत! आमच्या ग्रुपचे तसेच साठलेत.

ग्रुपचं नाव ‘अडलंय कुठं?’. प्रोग्रामिंग करताना अडलं की इथं मराठीत विचारायचं. सोलापुरातून मी आणि शबानानं सुरू केला. शबाना माझ्याच वर्गातली. तिनं इंजिनिअरिंग पूर्ण केलं, मी तिसऱ्या वर्षी सोडलं. नापास झालो नाही, सोडलं. फरक आहे.

सोडलं ते असं. घोरपडे सरांना भर वर्गात विचारलं, “सर, फंक्शनमध्ये बदललेला आकडा बाहेर आल्यावर परत जुनाच का दिसतो?” मला खरंच कळत नव्हतं. सर फळ्याकडून वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, “हे फर्स्ट इयरचं पोरगंसुद्धा सांगेल. बस खाली.”

साठ पोरं हसली. मी बसलो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग जायचंच राहिलं.

म्हणून ग्रुपचा पहिला नियम मी लिहिला: इथं कुणी सर नाही, कुणी मॅडम नाही. फक्त पहिलं नाव.

*

पहिल्याच आठवड्यात माळशिरसचा एक पोरगा आला, विकास. त्यानं लिहिलं, “एक प्रश्न विचारू का?”

मी लिहिलं, “विचारलास की! संपला तुझा कोटा.”

माझ्या मते हा लई भारी जोक होता. पोरगं गप्प झालं. पाच दिवसांनी शबानानं त्याला मेसेज केला, बाबा रे, प्रश्न काय होता तुझा?

तो म्हणाला, “व्हय, हाय की प्रश्न. परवानगी मिळायची वाट बघत होतो. आमचं आबा म्हणत्यात, मोठ्यांसमोर विचारल्याशिवाय तोंड उघडायचं न्हाई.”

पाच दिवस! एक कंस बंद करायचा राहिला होता, तेवढ्यासाठी! अशा आबा लोकांनी या जिल्ह्याचे किती तास खाल्ले असतील, देव जाणे. विचारायचं असेल तर सरळ विचारावं. विचारू का म्हणून विचारू नये. आज ग्रुपवरच्या अर्ध्या प्रश्नांना तोच विकास उत्तरं देतो, आणि परवानगी कुणाचीच घेत नाही.

*

एका ग्रामपंचायतीतले क्लार्क आले. नाव सुभाष. वय पन्नासच्या पुढं. त्यांचा पहिला मेसेज जसाच्या तसा:

“विषय: लूप थांबत नसलेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करतो की, घरपट्टीची यादी काढणेकामी मी प्रोग्राम लिहिला असून तो सुरू केलेपासून थांबलेला नाही. तरी योग्य ते मार्गदर्शन व्हावे. सोबत: १) प्रोग्रामची प्रत. २) पडद्यावर दिसत असलेला मजकूर.”

मी हसून हसून लोळलो. शबानाला फोन केला, “बघितलंस का? अर्ज केलाय!”

ती म्हणाली, “हसतो कायकू? काय करायचं होतं ते लिहिलंय, काय केलं ते लिहिलंय, काय झालं ते लिहिलंय. तुझ्या त्या पुण्याच्या पोरांनी असा प्रश्न विचारलाय कधी?”

नव्हता विचारला. ते ‘नॉट वर्किंग, हेल्प’ एवढंच लिहून चहाला जायचे.

त्या दिवशी दुसरा नियम झाला. प्रश्न तीन ओळींत: काय करायचं होतं, काय केलं, काय झालं. सरकारी अर्जातून या देशाला मिळालेली एवढी एकच चांगली गोष्ट, ती आम्ही घेतली.

सुभाषना मी उत्तर दिलं, “आपला अर्ज मंजूर. आकडा दर फेरीला एकानं वाढवायचा राहिलाय.”

लगेच आलं, “कार्यवाही केली. लूप थांबला. आपला विश्वासू.”

*

विषय सोडून विचारणाऱ्यांचं तर काही विचारूच नका. ‘तुम्ही कॉम्प्युटरवाले ना?’ म्हणून लोक प्रिंटरपासून पत्रिकेपर्यंत काहीही आणून टाकायचे. मी ठोकून बंद करायचो: “विषय सोडून. बंद.” अजिबात दया नाही.

सांगोल्याकडच्या बिरूनं एकदा भर दुपारी लिहिलं, “काय करायचं होतं: शेळीनं चारा खावा. काय केलं: मका टाकला, पाला टाकला. काय झालं: तोंड लावत न्हाई, पोट डाव्या अंगाला फुगलंय.”

तीन ओळी. एकदम नियमात! पण शेळी. मी लिहिलं, “विषय सोडून. बंद.”

आता ऐका. त्याच ग्रुपवर दोन दिवस एक डेटाबेसचा प्रश्न पडून होता. कुणाला काही सुचत नव्हतं. आणि मी बंद केलेल्या या शेळीपायी सहा मिनिटांत नऊ जणांनी बिरूला परस्पर मेसेज केले! कुणी विचारतंय काल धान्य खाल्लं का, कुणी म्हणतंय पाणी पाजू नको, कुणी डॉक्टरांना फोन लावून दिला. आमचे निम्मे प्रोग्रामर ज्या घरातून येतात, त्या घरात कॉम्प्युटरच्या आधी शेळी आली होती. मलाच तेवढं माहीत नव्हतं.

शेळी वाचली. बिरूनं फोटो टाकला. मी तो पण बंद केला, विषय सोडून होता.

शबानानं मग वेगळा विभागच काढला. नाव ठेवलं ‘गोठा’. विषय सोडून जे काही असेल ते गोठ्यात! हल्ली मुख्य ग्रुपपेक्षा गोठ्यात गर्दी जास्त असते. आणि तो डेटाबेसचा प्रश्न? तोही शेवटी गोठ्यातच सुटला, गप्पा मारता मारता.

*

कुर्डुवाडीचे मधुकर रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहेत. रिटायरमेंटच्या तोंडावर त्यांना कोडिंग शिकायची हुक्की आली. प्रश्न म्हणून त्यांनी फोनवर काढलेला स्क्रीनचा फोटो पाठवला. त्यात अर्धा स्क्रीन, अर्धा अंगठा आणि मागं खिडकीचा पडदा.

मी लिहिलं, “मधुकर, फोटो नको. प्रोग्राम लिहून पाठवा.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो! या वेळी वहीचा. चार पानं, निळ्या शाईत, मोत्यासारखं अक्षर, डावीकडं लाल पेनानं ओळींचे नंबर. खाली टीप: “लिहून पाठवले आहे.”

मी डोक्याला हात लावला. त्यांना समजावून सांगणार, तेवढ्यात त्यांचाच दुसरा मेसेज आला:

“राहू द्या. सतराव्या ओळीला लिहिताना हात थांबला. सापडलं.”

तेव्हापासून कुणाचं फारच अडलं की आमच्या ग्रुपवर एकच सल्ला मिळतो: “वहीत उतरव.” दहातल्या सहांना मग आमच्या उत्तराची गरजच पडत नाही. मोठ्या कंपन्यांतली पोरं आधी हसतात, मग वही आणतात. वयानं मोठ्या माणसांपैकी हा एक मला पटला. एकच हं!

*

जेऊरच्या प्रियांकाचा किस्सा लहान आहे. तिनं प्रश्न विचारला, अर्ध्या तासात स्वतःच लिहिलं, “झालं! थँक्स!” कसं झालं ते लिहिलं नाही. मी बजावलं, कसं झालं ते लिही. लिहिलं नाही.

सहा महिन्यांनी तिचं तिथंच परत अडलं. सगळीकडं शोधशोध शोधलं. जगात एकाच माणसाचं अगदी तस्संच अडलं होतं, ते सापडलं. आनंदानं उघडलं, तर आत प्रियांका: “झालं! थँक्स!”

तिनं ग्रुपवर लिहिलं, “या बाईला कुणी ओळखतं का? मला तिला मारायचंय.”

*

मागच्या वर्षी एका दुपारी बारा पोरांनी एकच प्रश्न टाकला. तीच एरर, तीच ओळ. बाराही जण माझ्याच जुन्या कॉलेजचे. प्रॅक्टिकलचा कागद होता. प्रोग्रामच्या शेवटची ओळ वाचली आणि मी ओळखलं कागद कुणाचा. घोरपडे सर कुठलाही प्रोग्राम असो, शेवटी पडद्यावर छापतातच: ‘थँक यू, व्हिजिट अगेन’. बेरीज असो की बँक, थँक यू, व्हिजिट अगेन! प्रोग्राम आहे का किराणा दुकान?

चूक कागदातच होती. पण पोरांचं म्हणणं काय? “सरांनी दिलाय म्हणजे बरोबरच असणार. माझ्याच लॅपटॉपमध्ये बिघाड आहे.” एकानं तर लॅपटॉप दोनदा फॉरमॅट केला होता! दोनदा! सगळे फोटो गेले बिचाऱ्याचे, पण सर चुकले असतील असं मनात आलं नाही.

मी लिहिलं, “तुम्ही बरोबर आहात. कागद चुकलाय. जाऊन सांगा.”

गेली की पोरं! बाराच्या बारा. सर म्हणाले म्हणे, “त्या ग्रुपवर कोण असतं? कॉलेज सोडून पळालेली पोरं.” पण पुढच्या आठवड्यात कागद बदलला. खाली थँक यू मात्र तसंच.

मी ते दोन्ही कागद जपून ठेवलेत.

*

तिसरा नियम राहिला. तो सगळ्यात आधी मनात होता आणि सगळ्यात कडक आहे: विचारणाऱ्याचा अपमान करणारा एक वर्ष बाहेर. कुणाचंही ऐकणार नाही.

तो पहिल्यांदा वापरला तो पुण्याच्या एका टीम लीडवर. अक्कलकोटची एक मुलगी अर्धं मराठी, अर्धं कन्नड लिहायची. हे साहेब म्हणाले, “आधी भाषा शीक, मग कोडिंग.” शबानानं त्याला तिथल्या तिथं काढलं.

त्यानं तिला मेसेज केला, “मी कोण आहे माहितीय का? तीस जण माझ्या हाताखाली आहेत.”

शबाना म्हणाली, “मालूम है. इसीच वास्ते.”

मग त्यानं मला गाठलं. एवढ्याशा वाक्याला एक वर्ष? तुम्ही अॅडमिन लोक असं बोललात तर?

मी लिहिलं, “अॅडमिनलाही तेवढंच. एक वर्ष म्हणजे एक वर्ष.” आणि हे उत्तर मी ग्रुपवर सगळ्यात वर चिकटवून ठेवलं. लोकांनी बदाम टाकले. ज्या गावात सरांना कुणी काही विचारत नाही, त्या गावात हा असा एक ग्रुप आहे आणि तो मी काढलाय, असं त्या दिवशी आईलाही सांगितलं. ती म्हणाली, “बरं. पण नोकरीला उपयोग हाय का त्याचा?” जाऊ दे!

*

आता शेवटचा.

रविवारची दुपार. दत्तात्रय नावाचा एक नवीन सदस्य. प्रश्न तीन ओळींत, काना-मात्रा जागच्या जागी:

“काय करायचे होते: पायथॉनमध्ये वर्गातील साठ विद्यार्थ्यांची हजेरी छापायची. काय केले: एक ते साठ असे लिहिले. काय झाले: एकोणसाठच येतात. शेवटचा विद्यार्थी राहून जातो.”

खाली प्रोग्राम. मी सवयीनं वाचत खाली गेलो. शेवटची ओळ: थँक यू, व्हिजिट अगेन.

खुर्चीतून उठलो. घरात एक चक्कर मारली. परत बसलो आणि लिहिलं:

“हे फर्स्ट इयरचं पोरगंसुद्धा सांगेल. बस खाली.”

चार जणांनी हसण्याचे चेहरे टाकले. तिकडून बराच वेळ ‘टाइप करत आहे’ दिसत राहिलं. मग आलं:

“सांगेल. पण उद्या सकाळी मला त्याच्यासमोरच उभे राहायचे आहे. म्हणून येथे विचारले.”

हसण्याचे चेहरे एकेक करून निघून गेले.

शबानाचा फोन आला. “ओंकार, पढा?”

“वाचलं.”

“कोण आहे, मालूम है तेरेकू?”

“माहितीय.”

“नियम किसने लिखा?”

“मी.”

“फिर?”

मी म्हटलं, “आधी त्यांना उत्तर दे.”

तिनं लिहिलं, “दत्तात्रय, पायथॉन शेवटचा आकडा धरत नाही. एकसष्ट लिहा, साठावा येईल.” तिकडून आलं, “आला. आभारी आहे.” एवढं मला दिसलं. पुढचं दिसलं नाही.

एक वर्ष. पाच महिने झाले, सात राहिलेत.