माझा कोणावरही संशय नाही

निवृत्त झाल्यापासून मला अधूनमधून नव्याने भरती झालेल्या पोलीस मुलामुलींपुढे बोलायला बोलावतात. विषय ठरलेला असतो: तपासाचा अहवाल परिणामकारक कसा लिहावा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या ठाण्यांत मी जन्मभर रायटर होतो, म्हणजे तपास साहेबांचा आणि लिखाण माझं. माझ्या हातची फाईल कधी त्रुटी निघून परत आली नाही, अशी माझी ख्याती. आमच्यात परिणामकारक म्हणतात ते यालाच. गुन्हेगार सापडला की नाही, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर बोलायला मला अजून कोणी बोलावलेलं नाही.

ही विद्या मला एका जुन्या हवालदारांनी दिली. ते म्हणायचे, तपास पायांनी होतो आणि अहवाल हातांनी. पाय दमतात, म्हणून माणसाने भरवसा हातांवर ठेवावा. त्यांच्याकडून मी शिकलो की माणूस सापडत नाही, तो 'मिळून येतो'. तो कोणाचा नवरा किंवा बाप नसतो, 'सदर इसम' असतो. मिरकरवाड्याची मासेवाली आमच्यासमोर अर्धा तास तोंडाचा पट्टा सोडायची, साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचा उद्धार करायची, आणि कागदावर तीच बाई 'मी मासे विक्रीचा व्यवसाय करून कुटुंबाची उपजीविका करते' असं तहसीलदारासारखं बोलायची. प्रत्येक जबाबाच्या शेवटी एक ओळ असते: 'माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे.' वाचून दाखवायला वेळ कोणाला होता? पण माझ्याकडचे सगळेच जबाब बरोबर व खरे निघाले. हा विक्रमच म्हणायचा.

सगळ्यात गुणी ओळ मात्र अकस्मात मृत्यूच्या फायलीत असते. कोणी विहिरीत पडतं, कोणाला साप चावतो, कोणी झाडावरून पडतं. अशा वेळी जवळच्या नातेवाइकाचा जबाब घ्यायचा आणि त्यात लिहायचं, 'सदर मृत्यूबाबत माझा कोणावरही संशय अगर तक्रार नाही.' ही ओळ आली की फाईल मिटली. ठाण्यात संगणक आल्यावर तर मी नमुनाच करून ठेवला होता. नाव, वय आणि गाव यांच्या जागा रिकाम्या, संशयाची ओळ आधीच जागेवर. नातेवाईक डोळे पुसत खुर्चीत बसायच्या आत त्याचा संशय फिटलेला असायचा.

एका मे महिन्यात खबर आली की कातळावरच्या एका आंब्याच्या बागेत आंबे काढणारा माणूस झाडावरून पडून मेला. बाग एका व्यापाऱ्याने करारावर घेतलेली. खबर त्यानेच दिली, तीही आमच्याच भाषेत: पाय घसरून पडला. गाडी पायथ्याशी थांबली. वर चढायला अर्धा तास, ऊन मी म्हणत होतं, साहेबांचे गुडघे दुखत होते. व्यापाऱ्याचा मांगर, म्हणजे बागेतलं सामानसुमान ठेवायचं खोपट, खालीच होता. तिथे सावली होती, कोकम सरबत होतं आणि पंच म्हणून सही करायला त्याचेच दोन गडी होते. आम्ही तिथे बसून घटनास्थळाचा पंचनामा केला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मी तेव्हा रीतसर कागदावर उतरवलं. चारही दिशांना काय आहे ते व्यापारी सांगत गेला, मी लिहीत गेलो. 'घटनास्थळी आंबे काढण्याची बांबूची मोडलेली घळ (टोकाला जाळी असलेली लांब काठी) मिळून आली. अन्य संशयास्पद काही मिळून आले नाही.' मांगरातून काय मिळून येणार?

मृतदेह सरकारी दवाखान्यात होता. त्याचं वर्णन तिथल्या ड्युटीवरच्या शिपायाने मला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, डोक्याला मोठा मार आहे आणि तळहात काळे पडलेत. मी लिहिलं, 'दोन्ही तळहातांवर आंब्याच्या चिकाचे डाग.' आंबे काढणाऱ्याच्या हाताला चीक नाही तर काय लागणार? या वाक्यावर मी त्या दिवशी मनातून खूश झालो होतो, हेही सांगून टाकतो.

दुपारी त्याची बायको जबाबाला आली. आतल्या एका खेड्यातली, तिशीची. नवरा वर आंबे काढी आणि ती खाली गोळा करी. मी छापलेला कागद तिच्यापुढे सरकवला आणि सहीची जागा दाखवली. माझ्या दुर्दैवाने बाई सातवी शिकलेली होती. तिने बोट ठेवून ओळन् ओळ वाचली आणि शेवटच्या ओळीवर थांबली.

"सायब, ह्या मी बोललीच न्हाय. माला इचारलाव कदी?"

मी म्हटलं, "ती पद्धत असते, ताई."

"त्या झाडातनं विजेची तार गेलीय. बांबूची घळ मोडली, म्हून शेटनी लोखंडाची दिलान. हे बोलले, नको, वर तार हाय. शेट बोलला, पेट्या आजच जायाला पायजेत. घळ तारेला लागली नि हे खाली आले. मी खालीच उभी हुती. माझ्या डोळ्यांनी बगितला."

कोणत्याही तपासाला याहून चांगला साक्षीदार मिळत नाही. पण पंचनामा झाला होता. त्यात तार नव्हती, लोखंडी घळ नव्हती, आणि तळहाताला चीक लागून वाळलासुद्धा होता. तिचं खरं धरायचं तर आमचं सगळं खोटं ठरणार. मी आवाज मऊ करून म्हटलं, "ते सगळं पुढे तपासात येईल. आधी सही करा. मृतदेह ताब्यात घ्यायचाय ना? बाहेर तुमची माणसं खोळंबलीत."

तिने सही केली. रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला तिचा राग आला. आपली चूक ज्याने पाहिली, त्याचाच आपल्याला राग येतो. फाईल गेली आणि मंजूर होऊन मिटली. एकदाचं घोडं गंगेत न्हालं.

पुढच्या मे महिन्यात त्याच व्यापाऱ्याने त्याच बागेतून तशीच खबर दिली. या वेळी गडी नेपाळी होता. साहेब रजेवर होते म्हणून दवाखान्यात मलाच जावं लागलं. मी ते तळहात पाहिले. चिकाने कातडी काळी पडते, सोलवटते. तिला अशी जळकी भोकं पडत नाहीत. कोकणात जन्मलेल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. तरीही ठाण्यात येऊन मी खुर्चीत बसलो आणि गेल्या वर्षीचीच फाईल उघडली. नाव बदललं, वय बदललं, गावाच्या जागी नेपाळ टाकलं. बाकी सगळं जसंच्या तसं चालण्यासारखं होतं. नातेवाईक म्हणून व्यापाऱ्याने त्याचा एक चुलत भाऊ बाहेर बसवून ठेवला होता. त्याला मराठीचा गंध नव्हता. आमच्या दृष्टीने असा साक्षीदार म्हणजे देवमाणूस.

त्याला आत बोलावणार, एवढ्यात ती आली. दोन एसट्या बदलून, एकटी. बातमी तिच्या खेड्यापर्यंत पोचली असणार. मी ओळखलं, पण ओळख दाखवली नाही.

"तुमचा कोण लागतो तो?" मी विचारलं.

"कोन न्हाय. झाड ताच हाय, म्हून आली." ती समोरच्या खुर्चीत बसली. "आता तरी आदी इचारा. मंग लिवा."

मी नमुना बंद केला. कोरं पान उघडलं आणि विचारत गेलो. ती सांगेल तसं, तिच्याच शब्दांत टाइप केलं. हात सारखा 'सदर'कडे वळत होता, त्याला आवरावं लागलं. गेल्या वर्षीचं सगळं आलं: तार, लोखंडी घळ, आजच जाणाऱ्या पेट्या. तासभर लागला. शेवटी मी तो प्रश्न विचारला. इतकी वर्षं मी त्याचं उत्तर लिहीत आलो होतो, प्रश्न मात्र तोंडाने कोणालाच विचारला नव्हता.

"तुमचा कोणावर संशय आहे का?"

"शेटवर हाय," ती म्हणाली. "नि तुमच्यावर हाय. तुमी तेवा तार लिवली आसतीत, तर ह्यो आज जिता आसता."

मान खाली घालून मी तेही टाइप केलं, फक्त 'तुमच्या'च्या जागी माझं नाव लिहिलं. मग तिला सगळा जबाब मोठ्याने वाचून दाखवला. साऱ्या नोकरीत तो पहिलाच. माझं नाव मी हळू आवाजात उरकलं.

"ऐकू न्हाय आला," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं, मोठ्याने. बाकड्यावर बसलेल्या लोकांनी माना वळवल्या. तिने सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. जबाबाच्या खाली 'समक्ष' असं लिहून जबाब घेणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि सही लागते. संशय ज्याच्यावर आणि जबाब ज्याच्या समक्ष, दोन्ही ठिकाणी एकच नाव आलं. मी सही केली.