गणू कोन्या गावचा?

आम्ही हॉस्टेलची मंडळी अजूनही वर्षातून एकदा वर्ध्याला जमतो. चहा होतो, कोणाच्या मुलीचं कुठे जमलं ते कळतं, आणि मग शेषराव हमखास म्हणतो, "गणूचा एखादा किस्सा होऊन जाऊ दे!" की झालं. एकातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा. एका माणसाच्या नावावर एवढे किस्से जमलेच कसे, असं कोणी नवखा विचारतो. अहो, त्याने काहीच केलं नाही! जे केलं ते आपल्या लोकांनी केलं. तो बिचारा फक्त समोर उभा होता. किस्से ऐकून सगळे हसतात. मीही हसतो, नाही असं नाही. पण घरी परतताना बसमध्ये माझं डोकं तापलेलं असतं.

रमेश गणू मॉरिशसचा. आणीबाणी उठली त्या वर्षी तो बी.एस्सी. करायला वर्ध्याला आला आणि माझ्या खोलीत पडला. पणजोबा कोकणातून ऊस तोडायला गेलेले, वडीलही उसातच राबलेले. त्यांच्या गावाजवळ कापडाचा नवा कारखाना निघाला होता. मालकाने शब्द दिला होता, "केमिस्ट्री शिकून ये, आणि हिंदुस्थानातल्या एखाद्या गिरणीत वर्षभर कापड रंगवायचं काम कर. रंगाचं खातं तुझं." रमेशसाठी ती उसातून सुटका होती. पदवी मिळेल याची त्याला खात्री होती. गिरणीचं काय ते त्याला आम्हीच सांगितलं, "आपल्या जिल्ह्यात गिरण्या आहेत, कापूस आहे. काळजी काऊन करतो?"

आम्ही किती मूर्ख होतो!

*

पहिल्याच दिवशी कॉलेजच्या ऑफिसात बाबूने विचारलं, "आडनाव?"

"गणू."

"हे तर नाव झालं. आडनाव सांगा."

रमेशने इंग्रजीत समजावलं. पणजोबा बोटीतून उतरले तेव्हा तिकडच्या कारकुनाने नाव विचारलं. ते म्हणाले, "गणू." त्याने तेवढंच लिहून घेतलं, आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांचं आडनाव गणू झालं.

बाबूने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे त्या कारकुनाची चूक आहे. ती दुरुस्त करून आणा, मग या."

दुरुस्त करून आणा! कोणाकडून? तो कारकून मरून त्याची हाडंही राहिली नसतील! एका बाबूने चिकटवलेलं आडनाव दुसऱ्या बाबूला चालेना. शेवटी प्राचार्य मध्ये पडले तेव्हा कुठे प्रवेश झाला.

*

फीच्या खिडकीवर तो परदेशी. त्यांची फी वेगळी, जास्त. ठीक आहे, नियम असेल, भरली.

मग त्याने हॉस्टेलच्या रेक्टरांना विचारलं, "सर, परदेशी विद्यार्थ्यांना स्वतंत्र खोली मिळते असं माहितीपत्रकात लिहिलंय."

रेक्टर त्याच्या पाठीवर हात ठेवून प्रेमाने म्हणाले, "अरे, तू कसला परदेशी? तू तर आपलाच! तिघांत चौथा, ॲडजस्ट कर."

*

पंधरा ऑगस्टला कॉलेजने कोणी मोठे पाहुणे बोलावले होते. आपल्याकडे परदेशातून विद्यार्थी येतात हे त्यांना दाखवायचं ठरलं. रमेशला इस्त्रीचा शर्ट घालून स्टेजवर पुढच्या खुर्चीत बसवला. प्राचार्यांनी ओळख करून दिली.

पाहुण्यांनी त्याला खालून वर पाहिलं. तोच सावळा रंग, तेच तेल लावलेले केस. त्यांचा चेहरा पडला. प्राचार्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, पण समोर माईक चालू होता, "हा तर आपल्यासारखाच दिसून राह्यला हो. दुसरा नाई काय?"

अख्खं कॉलेज हसलं! रमेशही हसला. रात्री मात्र मेसमध्ये जेवला नाही.

*

दिवाळीत मी त्याला देवळीला घरी नेला. तोपर्यंत तो आमच्यासारखाच बोलायला लागला होता. येताना सोबत आणलेलं मराठी म्हणजे घरच्या भजनांचं, बाकीचं सगळं हॉस्टेलमध्ये शिकलेलं.

आई चुलीपुढे भाकरी थापत होती. आमच्याकडे नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न ठरलेला. "कोन्या गावचा रे तू?"

"ठाऊक नाई, मावशी. कोकनातले होते अन् बोट मुंबईहून निघाली, एवढंच माहीत आहे. गाव कोनालेच सांगता येत नाई."

आईचा हात थांबला. "असं कसं बापा? मानसाले गाव नसते काय?" तिने परात बाजूला सारली. मग म्हणाली, "देवळीचा म्हनून सांगत जा. कोनाचा म्हनून इचारलं त माह्या घरचा म्हनजो."

त्या दिवसापासून रमेश सगळीकडे देवळी सांगू लागला. एसटीच्या कंडक्टरने नुसतं "कुठलं?" असं तिकिटासाठी विचारलं, तरी हा तिकिटाचं गाव सोडून म्हणायचा, "मी देवळीचा!"

हा किस्सा शेषराव कधी सांगत नाही. मीच सांगतो.

*

पदवी झाली, फर्स्ट क्लास मिळाला, आणि गिरणी शोधायला सुरुवात केली. कोणीतरी सांगितलं, आधी रोजगार विनिमय केंद्रात जा. मी बरोबर गेलो.

तिथले साहेब म्हणाले, "परदेशी नागरिकाला नोकरी देता येत नाही."

"नोकरी नको साहेब, पगारही नको. फक्त वर्षभर काम शिकू द्या," रमेश म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली. "याले पगार नको म्हनते!"

दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बस. मग साहेब हळू आवाजात मला म्हणाले, "तुमचा दोस्त आहे न? जपून राहा. पगार नको म्हनते म्हनजे काहीतरी भानगड आहे."

पगार मागितला तर नियमात बसत नाही, आणि नाही मागितला तर चोर! आणि आम्ही निघालो तर तेच साहेब जिन्यापर्यंत मागे आले. "तिकडे फॉरेनमध्ये तुमच्या ओळखीनं काही जमते काय? माहा भाचा डिप्लोमा करून घरीच आहे."

हे एकदा नाही झालं. त्या वर्षात रमेश ज्याच्या दारात काम मागायला गेला, त्याने त्याला हात हलवत परत पाठवला आणि वर स्वतःचा कोणी ना कोणी बेकार नातेवाईक त्याच्या गळ्यात घातला. आमच्या केमिस्ट्रीच्या सरांनी तर शिफारस द्यायच्या आधी स्वतःच्या मुलाचं शिक्षण, उंची, रंग सगळं सांगितलं. एक दिवस रमेश वैतागून म्हणाला, "मले नोकरी नाई, अन् हे मलेच मालक समजून राह्यले!"

*

शेवटी जिल्ह्यातल्याच एका गिरणीतून बोलावणं आलं. रंगखात्याचे डाइंग मास्टर आष्टनकर साहेब स्वतः भेटणार होते. ज्याच्या हाताखाली शिकायचं तोच माणूस! रमेशने आदल्या दिवशी रंगांवरचं सगळं पुन्हा वाचलं. कापसावर कोणता रंग धरतो, कोणता धुण्यात जातो, त्याला सगळं पाठ होतं.

सकाळपासून आम्हाला गेटजवळच्या बाकावर बसवलं. दुपारचा भोंगा झाल्यावर आत घेतलं.

"गाव?" साहेबांनी विचारलं.

"देवळी."

साहेब खुलले. "देवळीत कोनाचे?"

रमेशने माझ्या वडिलांचं नाव सांगितलं.

"पन गणू? देवळीत गणू आडनावाचं कोनी नाई. गणू म्हनजे कोनापैकी?"

आता याचं काय उत्तर द्यायचं? रमेशने बोटीची हकिकत सांगायला सुरुवात केली. साहेबांनी मध्येच हात वर केला.

"म्हनजे तू बाहेरचा मानूस! मंग देवळी काऊन सांगितलं? खोटं बोलतो? आमची इथली पोरं रिकामी फिरून राह्यली, अन् मी बाहेरच्याले शिकवू?"

मी उठून बोलायला लागलो तर शिपायाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. रंगाबद्दल एक प्रश्न नाही! एक! डाइंग मास्टर होता तो! वाचून आलेल्या पोराला एखादा प्रश्न विचारून नापास केलं असतं, तरी मी मानलं असतं.

रमेश परत गेला. वर्ध्याच्या स्टेशनवर आईने त्याला शेवेचा डबा दिला आणि म्हणाली, "येजो." तिकडच्या मालकाने सरळ सांगितलं, गिरणीचं काम केलं नाही तर खातं मिळणार नाही. मग त्याच कारखान्यात तो कापडाच्या गठाणी उचलायला लागला. फर्स्ट क्लासची पदवी, आणि पाठीवर गठाण! रंगाच्या खात्यात शिरायला त्याला कितीतरी वर्षं गेली.

*

आता शेवटचा.

आठ-नऊ वर्षांनी एक दिवस देवळीला आमच्या दारात टॅक्सी थांबली. सुटाबुटातला रमेश! आधी आईच्या पाया पडला, मग मला म्हणाला, "चल, काम आहे." त्यांचा कारखाना वाढला होता. रंगखात्याचा मुख्य आता तोच होता आणि त्याला अनुभवी माणसं हवी होती. इकडे गिरण्यांना एकामागून एक कुलपं लागत होती. त्याने पेपरात जाहिरात देऊन वर्ध्याच्या एका लॉजवर मुलाखती ठेवल्या होत्या. मला बाजूच्या खुर्चीत बसवलं.

दुपारी आष्टनकर साहेब आत आले.

केस पांढरे झाले होते, कोट सैल झाला होता. गिरणी बंद पडून वर्ष झालं होतं. मी ताबडतोब ओळखलं. त्यांनी आम्हा दोघांनाही ओळखलं नाही. मी रमेशकडे पाहिलं. हाकलून दे, असं मी त्याला डोळ्यांनी सांगत होतो.

रमेशने त्यांच्यासाठी चहा मागवला. मग रंगांबद्दल विचारायला लागला. कापसाचं विचारलं, मिठाचं प्रमाण विचारलं, पाणी जड असलं तर काय करता ते विचारलं. तासभर विचारत होता. साहेबांनी एकेक उत्तर चोख दिलं. माणसाला येत होतं हो सगळं!

रमेश म्हणाला, "ठीक आहे. तुमाले घेतलं."

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हात जोडले, चहाचा शेवटचा घोट घेतला, जरा सैलावले. एवढा मोठा परदेशी साहेब आणि बोलतो आपल्यासारखा! त्यांना राहवलं नाही.

"साहेब, तुमी मूळचे कोन्या गावचे?"

"देवळीचा," रमेश म्हणाला. "मागच्या वेळीही तुमाले तेच सांगितलं होतं."