बंदरावर घ्यायला कोण आलं?

डहाणूहून झाईला जाणाऱ्या एसटीत त्या दुपारी निम्मे लोक एकच सिनेमा बघून चढले होते. जुन्या कादंबऱ्यांतले नायक एकत्र येतात आणि जग वाचवतात, असा हिंदीत डब केलेला मारधाडीचा सिनेमा. मागची पोरं फायटिंगवर फिदा होती. मी मात्र लहानपणी कादंबऱ्यांवर वाढलेला, त्यामुळे माझं डोकं तापलेलं.

"पुस्तकातल्या गुप्तहेराच्या हातात मशीनगन देतात? काही लाज?" मी मोठ्यानेच म्हणालो.

शेजारच्या मासेवाल्या मावशींनी चिकू सोलून अर्धा माझ्या हातावर ठेवला. सकाळी मासे विकून, रिकामी पाटी घेऊन त्याही सिनेमाला बसल्या होत्या.

"तुम्हाला आवडला?" मी विचारलं.

"मजा आली की! बोट उडाली तेव्हा मी बाजूच्या अनोळखी बाईचा हातच धरला." त्यांनी चिकूची बी खिडकीबाहेर फुंकली. "पण जिंकून एवढे सगळे बंदरावर उतरले, आणि घ्यायला एक माणूस नाही? असं कुठं असतं?"

पोरं हसली. मशीनगनचं मी विसरूनच गेलो.

झाईला उतरल्यावर मी मावशींच्या मागोमाग किनाऱ्यावर गेलो. होड्या परतत होत्या. मावशी गुडघाभर पाण्यात शिरल्या आणि होडी लागायच्या आत त्यांचा आवाज चढला, "एवढा उशीर? आणि डबा तसाच परत आणला असशील!"

होडीतला म्हातारा जग वाचवून आल्यासारखा हसला.